अब्दुर्रहमान अस-सूफी : आधी आकाश पाहा, मग किताब

सप्तर्षी कोणाला माहीत नाहीत? उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवरून उत्तरेकडे पाहिलं की चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला जोडलेली तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी दिसते. या ताऱ्यांची दुभे, फेक्दा, मेग्रेझ, अल्काइद ही नावं आपली मुलं इंग्रजी समजून पाठ करतात. खरं तर ही सगळी अरबी नावं आहेत. असं अरबी आकाश ज्यांनी कागदावर नीट उतरवून ठेवलं, त्या अब्दुर्रहमान अस-सूफी यांची ओळख आज करून घेऊ या.

त्यांचा जन्म हिजरी 291 म्हणजे इ.स. 903 मध्ये इराणमधल्या रय शहरात झाला. आजच्या तेहरानजवळचं हे गाव. पुढे ते बुवैही घराण्याचा बादशहा अज़दुद्दौला याच्या दरबारात आले. हा बादशहा स्वतःला त्यांचा शागीर्द म्हणवून घेण्यात अभिमान मानायचा. इस्फहान आणि शिराज ही त्यांच्या कामाची शहरं.

त्या काळी ताऱ्यांच्या अभ्यासाचे दोन वेगळे रस्ते होते. एक ग्रीक विद्वान बतलीमूस म्हणजे टॉलेमीचा. त्याच्या यादीत 48 तारकासमूह आणि हजारावर तारे होते. दुसरा रस्ता वाळवंटातल्या अरबांचा. रात्रीचा प्रवास आणि ऋतूंचा अंदाज ताऱ्यांवर, म्हणून त्यांची स्वतःची नावं आणि स्वतःच्या कहाण्या होत्या.

सप्तर्षींचंच घ्या. ग्रीकांना इथे मोठं अस्वल दिसायचं. कॅलिस्टो नावाच्या सुंदर तरुणीला देवांच्या रागामुळे अस्वल व्हावं लागलं आणि तेच पुढे आकाशात गेलं, अशी त्यांची कथा. अरबांना मात्र इथे जनाज़ा दिसायचा. चौकोन म्हणजे ‘नअश’, मय्यतीची खाट, आणि मागचे तीन तारे म्हणजे तिच्यामागे चालणाऱ्या मुली. म्हणून नाव पडलं ‘बनातुन्नअश’. बापाचा खून ध्रुवताऱ्याने केला, म्हणून मुली जनाज़ा घेऊन त्याच्याभोवती फिरत राहतात, असं लोक सांगत. डेप्युटी नज़ीर अहमद यांच्या मुलींच्या तालमीवरच्या उर्दू कादंबरीचं नाव हेच आहे. आपल्या विदर्भातले गोंड लोकही याच चौकोनाला खाट म्हणतात, आणि मागचे तीन तारे त्यांच्याकडे चोर!

सूफींच्या आधीचे बरेच लोक घरात बसून गोलावरची चित्रं पाहायचे आणि त्यावरून लिहायचे. त्यामुळे कुठला अरबी तारा म्हणजे कुठला ग्रीक तारा, याचा गोंधळ झाला होता. सूफींना हे पटलं नाही. त्यांनी एकेक तारा स्वतः पाहिला, त्याचा तेज किती हे ठरवलं आणि बतलीमूसचं जिथे चुकलं तिथे तसं स्पष्ट लिहिलं. ताऱ्यांच्या जागा मात्र त्यांनी बतलीमूसच्याच घेतल्या. मधल्या काळात सरकलेल्या आकाशासाठी 12 अंश 42 कला तेवढ्या वाढवल्या, आणि हेही लपवलं नाही.

इ.स. 964 च्या सुमारास ‘किताब सुवरुल कवाकिब’ पूर्ण झाली. प्रत्येक समूहाची दोन चित्रं, एक आकाशात दिसतं तसं आणि एक गोलावर दिसतं तसं. सोबत ग्रीक माहिती आणि अरबी नावं शेजारी शेजारी. एकासाठी दुसरं पुसलं नाही. म्हणूनच एका सप्तर्षीत आज दोन्ही कहाण्या नांदतात : दुभे (दुब्ब, अस्वल), फेक्दा (मांडी), मेग्रेझ (शेपटीचं मूळ) ही अस्वलाची, तर अल्काइद हा त्या मुलींचा पुढारी. याच किताबात देवयानी समूहातल्या एका पुसट ‘छोट्या ढगाची’ नोंद आहे. तो ढग म्हणजे दुसरी आकाशगंगा, हे कळायला विसावं शतक उजाडलं.

सूफींचा इंतकाल इ.स. 986 मध्ये शिराजला झाला. पुढे साडेचारशे वर्षांनी समरकंदला उलुग बेगने नवी यादी केली, तेव्हा तिथून न दिसणाऱ्या दक्षिणेकडच्या ताऱ्यांसाठी त्याने सूफींचाच आधार घेतला. युरोपने त्यांना ‘अझोफी’ म्हटलं, आणि चंद्रावरच्या एका विवराला ते नाव आहे.

आपण ‘सगळा इल्म आमच्याकडूनच गेला’ असं अभिमानाने सांगतो. सूफींचं आयुष्य थोडं वेगळं शिकवतं. त्यांनी ग्रीकांकडून घेताना लाज मानली नाही, आणि घेतलेलं तपासल्याशिवाय पुढे दिलं नाही. उस्तादाचा आदर आणि उस्तादाची चूक दाखवणं, दोन्ही एका माणसात बसू शकतं. वर्गात मान खाली घालून उतरवून घेणाऱ्या आपल्या मुलांना हेच सांगायची गरज आहे.

सप्तर्षींच्या शेपटीतल्या मधल्या ताऱ्याला चिकटून एक बारीक तारा आहे. अरबीत तो ‘सुहा’, मराठीत अरुंधती. लोक त्यावर नजर पारखतात, असं सूफींनी लिहून ठेवलंय. आकाश निरभ्र असेल तेव्हा मुलांना घेऊन गच्चीवर जा. मोबाइल खाली ठेवा, आणि सुहा त्यांना स्वतः शोधू द्या.