धर्मानंद कोसंबी आणि बडोद्याचे पन्नास रुपये

गणपती विद्येची देवता, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही शिकण्याच्या एका वेडाची हकीकत सांगणार आहोत. माणूस गोव्याचा. पण त्याच्या अभ्यासाला आपल्या बडोद्याचे पैसे लागलेले आहेत, आणि हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. शाळा थोडीच झाली. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि घरच्या नारळीच्या बागायतीची देखभाल अंगावर पडली. १८९७ मध्ये ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातले बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. लहान मुलांसाठी लिहिलेला तो मजकूर या संसारी तरुणाच्या मनात असा रुतला, की बुद्धाने काय सांगितले ते मुळातून समजून घ्यायचेच असे त्यांनी ठरवले. गोव्यात ते शिकवणारे कोणी नव्हते.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक मागे राहिल्या. चरित्रांतून ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. आम्हाला ती तशी उरकवत नाही. विद्येसाठी बाहेर पडणाऱ्याचे कौतुक होते, शेजारपाजारच्या प्रश्नांना उत्तरे मात्र घरात उरलेलीला द्यावी लागतात.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन मिळाले. पालीच्या आधी संस्कृत पक्के हवे, म्हणून ते इंदूर, ग्वाल्हेर करत काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे शिकायचे, असा क्रम. पुढे नेपाळची वारी झाली, पण ज्या विद्येच्या शोधात होते ती तिथे सापडली नाही. १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपाला पोहोचले, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले, मग ब्रह्मदेशात गेले. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत. भाषा एक आणि अक्षरे प्रत्येक देशात नव्याने गिरवायची, तीही पंचविशी उलटल्यावर!

आमच्यासारख्या पदविकाधारक सरकारी नोकरांचे उलटे असते. कोणत्या परीक्षेने वेतनवाढ मिळते ते आधी पाहायचे आणि मग पुस्तक उघडायचे. त्यात गैर काही नाही, घर चालवायचे असते. कोसंबींनी मात्र काय शिकायचे ते आधी ठरवले. ते कुठे मिळेल हा प्रश्न नंतरचा, आणि त्यातून काय मिळेल हा प्रश्न त्यांना फारसा पडलेला दिसत नाही.

ते परतले तेव्हा पदवी एकही नव्हती, तरी कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम मिळाले. आता स्थिर व्हावे अशी वेळ आली होती. नेमके तेव्हा सयाजीराव महाराजांनी कळवले, की महाराष्ट्रात कुठल्याही शहरी राहून अभ्यास करा, दरमहा पन्नास रुपये देऊ, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. कलकत्त्याचा पगार याहून कितीतरी जास्त होता. कोसंबींनी पन्नास रुपये घेतले. आपण शिकलो ते आपल्या लोकांपर्यंत मराठीतून पोहोचावे, ही ओढ पगारापेक्षा मोठी ठरली. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या पुस्तकात आहेत. महाराजांच्या दातृत्वाच्या पुष्कळ गोष्टी आपण ऐकतो, पण एवढ्या थोड्या पैशांत एवढे मोठे काम दुसरे कुठे झाले असेल असे आम्हाला वाटत नाही.

याच काळात हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांच्याशी ओळख झाली आणि १९१० मध्ये अमेरिकेचे बोलावणे आले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची वॉरन नावाच्या विद्वानाच्या मृत्यूने अर्धवट राहिलेली संपादित प्रत पुरी करायची होती. त्यासाठी कोसंबी एकूण चार वेळा अमेरिकेला गेले. मधल्या काळात, १९१२ पासून सहा वर्षे, त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पुढे रशियनही शिकले आणि १९२९ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. परत आल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले. हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ छापून आला १९५० मध्ये. नागरी लिपीतली प्रत त्यांनी त्याआधीच, १९४० मध्ये मुंबईहून काढली होती.

बाळाबाई पुढे त्यांच्याबरोबर राहू लागल्या. १९१८ मध्ये दुसऱ्यांदा अमेरिकेला जाताना कोसंबींनी दोन मुलांना बरोबर नेले. एक दामोदर, जे पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून नावाजले. आणि दुसरी माणिक, जिला तान्ही टाकून ते घराबाहेर पडले होते. तीही तिकडे कॉलेजात शिकली.