लीझ माइट्नर

पदवी हाती आली की शिक्षण संपले, असा समज सर्वत्र रूढ आहे. शास्त्राच्या प्रांतात मात्र खरे कार्य पदवीनंतरच सुरू होते, आणि त्यासाठी बुद्धीइतकीच काम करण्यास जागा लागते. ती जागा मिळविण्यासाठी आयुष्यभर झगडलेल्या एका विदुषीचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

लीझ माइट्नर यांचा जन्म १८७८ साली व्हिएन्ना येथे एका वकिलाच्या घरी झाला. तेथे मुलींची शाळा चौदाव्या वर्षी संपत असे. १८९७ साली विद्यापीठाचे दार स्त्रियांना उघडले. तेव्हा खाजगी रीतीने अभ्यास करून १९०१ साली त्यांनी प्रवेश मिळविला. बोल्ट्समान यांच्यासारखे गुरू लाभले आणि १९०६ साली त्या पदार्थविज्ञानाच्या डॉक्टर झाल्या.

परंतु पुढे काय? १९०७ साली माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यास त्या बर्लिनला गेल्या. तेथे ओटो हान या रसायनशास्त्रज्ञास किरणोत्सर्गाच्या अभ्यासात सहकारी हवा होता. विद्यापीठाच्या रसायनसंस्थेत स्त्रियांना मज्जाव होता. म्हणून तळघरातील सुतारकामाची एक खोली त्यांना मिळाली. तिला बाहेरून स्वतंत्र दार होते, आणि वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळांत पाऊल टाकण्याची त्यांना बंदी होती. वेतन नव्हते, घरून येणाऱ्या पैशांवर गुजराण चाले. १९०८ साली प्रशियाने स्त्रियांना विद्यापीठे खुली केली, तेव्हा ही बंदी सुटली. १९१२ साली प्लांक यांनी त्यांना आपल्या साहाय्यकाची जागा दिली. डॉक्टरेटनंतर सहा वर्षांनी मिळालेली ही त्यांची पहिली पगारी जागा!

त्या जागेचे चीज झाले. १९१८ साली हान यांच्यासह त्यांनी प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचा शोध जाहीर केला. १९२६ साली त्या बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्या जन्माने ज्यू होत्या. १९३३ साली नाझी राजवटीने त्यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेतला, आणि जुलै १९३८ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, एक लहानशी पेटी घेऊन त्यांना गुप्तपणे देश सोडावा लागला. स्टॉकहोम येथे आसरा मिळाला. पण उपकरणे नव्हती, साहाय्यक नव्हते.

त्याच डिसेंबरात हान यांचे पत्र आले. युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला असता बेरियम आढळले होते. त्याचा उलगडा त्यांना होईना. माइट्नरबाईंनी आपला भाचा ओटो फ्रिश याच्यासह गणित मांडले: युरेनियमचा अणुगर्भ दुभंगतो, थोडे वस्तुमान नाहीसे होते आणि त्याची ऊर्जा बनते. दर अणुगर्भामागे ती सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट भरली. १९३९ साली हे स्पष्टीकरण प्रसिद्ध झाले.

१९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले. अणुबाँबच्या कामात भाग घेण्यास मात्र बाईंनी साफ नकार दिला होता. १९६८ साली केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. १९९७ साली १०९ व्या मूलद्रव्यास माइट्नेरियम हे नाव देण्यात आले.

आज अनेक विद्यापीठांत डॉक्टरेट मिळविलेल्या तरुणांना काही वर्षे वेतन देऊन संशोधनास ठेवून घेतात. अशी जागा मिळाली तर तिचे मोल ओळखावे, असे आमच्या विद्यार्थ्यांस आमचे सांगणे आहे. आणि पालकांस विनंती ही की, पदवीनंतरही शिकू पाहणाऱ्या मुलीस, कमाई केव्हा सुरू करणार, असे घाईने विचारू नये. माइट्नरबाईंच्या घरच्यांनी ती घाई केली असती, तर सुतारकामाच्या त्या खोलीत त्यांना एक वर्षही काढता आले नसते.