मंडळीला स्वतःचा सूर देणारे टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक महाराष्ट्राला प्रथम भेटतात ते शालेय पाठ्यपुस्तकातून, फुलामुलांचे कवी म्हणून. पुढे वाचनाची गोडी लागलेल्या विद्यार्थ्याला ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तून पुन्हा भेटतात. तेथील टिळक भोळे आहेत, तापट आहेत, हाती पैसा टिकू न देणारे आहेत आणि विलक्षण प्रेमळही आहेत. या दोन ओळखींपलीकडे त्यांची एक तिसरी ओळख आहे, ती मात्र मराठी वाचकाला फारशी नाही. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) एखाद्या खेड्यात रविवारी सकाळी वीस-पंचवीस घरांची प्रोटेस्टंट मंडळी उपासनेला जमते आणि टाळाच्या ठेक्यावर अभंग म्हणू लागते, तेव्हा त्या अभंगाचा कर्ता पुष्कळदा हा कवी असतो. त्यांच्या आयुष्याचा अर्थ लावावयाचा असेल तर साहित्य संमेलनाच्या मंडपापेक्षा या लहानशा प्रार्थनामंदिरात जाणे अधिक उपयोगाचे ठरेल.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील कडक स्वभावाचे होते. मुलाचा सारा जीव आई जानकीबाईंवर. ती लवकर गेली आणि अजाण वयातच मुलाने घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लक्ष्मीबाई होऊन त्यांच्या घरी आली. संसार मात्र एका जागी स्थिरावला नाही. आज येथे शिक्षकी, उद्या तेथे, मध्येच मासिक काढण्याची ऊर्मी, अशा भटकंतीत ते नागपूरला पोचले आणि तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम करू लागले. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा प्रश्न या काळात त्यांना अस्वस्थ करीत होता.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. बोलता बोलता विषय धर्मावर आला आणि उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली. टिळकांनी रोज थोडे वाचण्याचे कबूल केले होते. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर मात्र त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. दोन वर्षांच्या झगड्यानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रसंगातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मिशनचे विद्वान गोरे पाद्री हजर असताना टिळकांनी भारतीय पाळकाच्याच हातून बाप्तिस्मा घेण्याचा आग्रह धरला आणि रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांनी तो विधी केला. धर्म बदलला तरी देश बदलत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कृतीने सांगून टाकले. पुढील चोवीस वर्षे ते याच एका सूत्राचा विस्तार करीत राहिले.

त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागली, हेही नाकारता येत नाही. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. काही वर्षे पती-पत्नी दुरावली. त्या काळातील लक्ष्मीबाईंचे हाल आणि जिवंत नवऱ्याच्या पत्नीकडे समाजाने पाहिलेली विचित्र नजर यांचे वर्णन त्यांनीच पुढे कोणताही कडवटपणा न ठेवता केले आहे. नंतर त्या अहमदनगरला पतीकडे आल्या. आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते आणि टिळकांनी त्यासाठी बळजबरी केली नाही. सोवळे हळूहळू आतूनच गळून पडले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात पाण्याचा वेगळा हंडा होता, त्याच घरात पुढे अनाथ मुलींना मायेचा आसरा मिळाला.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे ठाणे. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले, पुढे त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, काही काळ राहुरीलाही त्यांचे वास्तव्य झाले. या परिसरातील मंडळ्यांचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज टिळकांच्या कार्याचे मोल कळणार नाही. मुंबई-पुण्यात बाबा पदमनजी किंवा पंडिता रमाबाई यांच्यासारख्या उच्चवर्णीय, सुशिक्षित व्यक्तींच्या धर्मांतराचा गाजावाजा झाला. नगर जिल्ह्यातील खेड्यांत मात्र मंडळी उभी राहिली ती मुख्यतः महार आणि मांग समाजातून. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांनी तिच्यात भर घातली. मंदिर म्हणजे बहुधा शाळेचीच खोली. आठवडाभर तेथे मुले पाटीवर अक्षरे गिरवीत आणि रविवारी तेथेच उपासना होई. पुष्कळ ठिकाणी जो शिक्षक, तोच उपदेशक. रोकड क्वचितच दिसणाऱ्या घरांतून अर्पण म्हणून पसाभर धान्य येई.

अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल परंपरेचे. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंपूर्ण असावी, तिने आपला कारभार आपण पाहावा, आपला पाळक आपण निवडावा, हे या परंपरेचे मूलतत्त्व. परंतु तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर होते. पाळकाचा पगार, शाळेचा खर्च, इमारतीची डागडुजी या साऱ्यांसाठी डोळे बॉस्टनहून येणाऱ्या पैशाकडे लागलेले असत. जो पैसा देतो त्याचा शब्द शेवटचा ठरतो, हा जगाचा नियम धर्मसंस्थेला तरी कसा चुकणार? मंडळी कागदावर स्वतंत्र आणि प्रत्यक्षात परावलंबी, अशी ही अवस्था होती.

हेच परावलंबित्व उपासनेतही उतरले होते. इंग्रजी गीतांची भाषांतरे परदेशी चालींवर म्हटली जात. मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालीत ओढूनताणून बसवावे लागत. मंडळी ती गीते भक्तिभावाने म्हणे, पण शेतात, जात्यावर, पाळण्यापाशी तिच्या ओठांवर वेगळाच सूर असे. टिळकांच्या आधी कोणी देशी चालीचा विचार केला नव्हता असे नाही. नगरचेच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. त्या पायवाटेचा राजमार्ग केला तो टिळकांनी. ज्ञानेश्वर आणि तुकाराम त्यांच्या रक्तात होते. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची धारणा होती आणि ती ते उघडपणे बोलून दाखवीत. अभंग, ओवी, पदे, आरत्या यांच्या रूपाने त्यांनी मंडळीसाठी शेकडो गीते रचली. ‘उपासना संगीत’ या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या एकट्याच्या रचनांचा वाटा एक तृतीयांशाच्या घरात होता. टाळ, चिपळ्या, तबला मंदिरात आले. स्वतः टिळक कीर्तनाला उभे राहत, आणि ज्यांना अक्षरओळखही टिळकांनीच करून दिली त्या लक्ष्मीबाईही पुढे कीर्तन करू लागल्या.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. हा भक्तिमार्ग अखेर एका ब्राह्मण कवीच्या मनातला होता. ज्या महार-मांग समाजाने मंदिराच्या पायरीबाहेरचे जिणे सोसले आणि त्यातून सुटण्यासाठी नवा धर्म स्वीकारला, त्याच्या गळी पुन्हा तीच अभंगवाणी उतरवणे म्हणजे सोडून आलेल्या घराकडे त्याला परत बोलावणे नव्हे काय? परदेशी चालीत निदान जुन्या अपमानाची आठवण तरी नव्हती. हा प्रश्न निराधार नाही. काही मंडळ्यांना इंग्रजी चालच अधिक प्रतिष्ठेची वाटत असेल, तर त्यामागे केवळ साहेबाचे अनुकरण होते असे म्हणून त्यांची थट्टा करणे अन्यायाचे होईल.

परंतु या आक्षेपाचे उत्तरही अभंगाच्याच इतिहासात आहे. अभंग ही काही ब्राह्मणांची मिरास नव्हती. देहूचा वाणी, अरणचा माळी, पंढरपूरचा शिंपी आणि मंगळवेढ्याचा महार यांनी तो घडवला. चोखामेळ्याच्या वाणीला पंढरीच्या परंपरेत स्थान होते, त्याच्या देहाला मात्र मंदिरात स्थान नव्हते. त्याची समाधी महाद्वाराबाहेर, पायरीपाशी आहे, आणि ते मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. अभंग चोख्याच्या वंशजांचा होताच, दार मात्र त्यांचे नव्हते. टिळकांनी तो अभंग उचलून, जेथे सर्वांनी एका पंगतीत प्रभुभोजन घ्यावे असा दंडक होता, त्या खोलीत आणून ठेवला. त्यांच्या कार्याचा खरा अर्थ येथे आहे. ज्यांची वस्तू होती त्यांना ती त्यांनी उघड्या दाराच्या घरात परत केली.

ते घर निर्दोष होते असे नव्हे. सोयरीक जमविताना ख्रिस्ती समाजातही पूर्वीची जात विचारली जाई. टिळकांनाही हे दिसत होते आणि त्यांचा संताप होई. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या १८४२ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यातून त्यांनी स्वधर्मीयांना स्वदेशाचे भान देण्याचा प्रयत्न केला. ख्रिस्ती होणे म्हणजे नाव, पोशाख, भाषा आणि देशाभिमान टाकून देणे नव्हे, हे त्यांना पुनःपुन्हा सांगावे लागे. एकीकडे हिंदू समाजाने त्यांना बाहेरचे मानले, तर दुसरीकडे काही मिशनऱ्यांना त्यांचा स्वदेशाभिमान अवघड वाटे. दोन्हीकडून एकटे पडूनही या माणसाच्या कवितेत विखार आला नाही. हिंदू कुटुंबातील बालकवी ठोंबरे यांच्यासारखा तरुण कवी त्यांच्या घरी घरच्या मुलासारखा राहिला, यातच सारे आले.

सूर आपला झाला, पण शिधा परक्याचा राहिला, तर स्वातंत्र्य अर्धेच. टिळकांना ही विसंगती आयुष्याच्या उत्तरार्धात असह्य झाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा आणि वेतनाचा त्याग केला आणि संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्याला राहू लागले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. कोणाच्या पगारावर न चालणारी, या मातीतली मंडळी त्यांना उभी करावयाची होती. नियतीने त्यांना पुरती दोन वर्षेही दिली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दफन न करता त्याचे दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वाला नेले.

‘देवाचा दरबार’ त्यांच्या पश्चात फार काळ टिकला नाही, म्हणून टिळकांचा शेवटचा प्रयोग फसला असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्यांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापून भारतीय पद्धतीच्या साधनेचा तो धागा पुढे नेला. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या, कारभार भारतीयांच्या हाती आला. या संस्थात्मक बदलांचे श्रेय अर्थातच अनेकांचे आहे. पण कारभार हाती येण्याच्या कितीतरी आधी मंडळीच्या ओठांवर तिची स्वतःची भाषा आली होती. ज्या समूहाला देवाशी आपल्या बोलीत बोलता येते, त्याला पुढे-मागे माणसांशीही ताठ मानेने बोलता येते.

आपल्या समाजात धर्मांतराची चर्चा निघाली की ती संख्येवरून आणि संशयावरून होते. धर्मांतरित माणूस या देशाचा राहिला की नाही, हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला जातो. नगर जिल्ह्यातील लहान मंडळ्यांनी या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळ दिले आहे, पण ते ऐकण्यासाठी आपण त्यांच्या दाराशी क्वचितच थांबलो. मराठीचा शिक्षक वर्गात टिळकांची फुलावरची कविता शिकवतो, तेव्हा त्याने मुलांना एवढे जरूर सांगावे की या कवीचे याहून मोठे काव्य पुस्तकात नाही, ते गावकुसाबाहेरच्या एका साध्या खोलीत दर रविवारी गायिले जाते, आणि गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना कवीचे नावही आठवत नाही. अभंगकाराला याहून वेगळे काही हवे असते, असे वाटत नाही.