रंग हरपले, रेषा उरली

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव आपल्याला प्रथम भेटते ते लोखंडावर. विहिरीच्या काठावरचा पंप, मळ्यातले ऑइल इंजिन, गोठ्याशेजारी गंजत पडलेला जुना नांगर, यांपैकी कशावर तरी ‘किर्लोस्कर’ ही अक्षरे आपण सर्वांनी वाचलेली असतात. परंतु ज्या गृहस्थाचे हे आडनाव, त्याला तरुणपणी व्हायचे होते चित्रकार! ही हकीकत मला कळली तेव्हा प्रथम नवल वाटले, आणि मग त्यांचे चरित्र निराळ्याच दृष्टीने वाचावेसे वाटले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे मन मात्र शालेय पुस्तकांत रमेना. चित्रे काढावीत, एखादे यंत्र दिसले तर त्याच्याभोवती घोटाळावे, हाच त्याचा छंद. चित्रकलेवर पोट भरते हे त्या काळी कोणाला पटणार? वडिलांना हा नाद पसंत नव्हता. तरीही थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे असेल कदाचित, पण या चरित्रात माझे लक्ष लक्ष्मणरावांपेक्षा रामुअण्णांकडेच पुन्हा पुन्हा जाते. घरातले एक माणूस जरी ‘जा, बघू पुढचे पुढे’ अशा वृत्तीचे निघाले, तरी केवढा फरक पडतो! थोर पुरुषांच्या चरित्रात अशा माणसांच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात.

कलाशाळेत दोन वर्षे गेली आणि एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. काही रंगांमधला फरक लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना कळतच नव्हता. हा दोष जन्मजात असतो आणि त्यावर औषध नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन याला तो होता व त्याने १७९४ साली त्यावर निबंधही वाचला होता. पण रसायनशास्त्रज्ञाचे त्यावाचून फारसे अडले नाही. चित्रकाराने काय करावे? ज्याच्यासाठी वडिलांची नाराजी पत्करली, घर सोडून मुंबई गाठली, तेच दार बंद झाले.

अशा प्रसंगी जिद्दीचे गोडवे गाण्याची आपल्याकडे रीत आहे. मला मात्र वाटते, लक्ष्मणरावांनी येथे जिद्द धरली असती तर महाराष्ट्राला एक सामान्य चित्रकार मिळाला असता, एवढेच. त्यांनी रंग सोडून दिले आणि आपल्याजवळ उरले काय ते पाहिले. उरली होती रेषा. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत. तेथे लागते माप, प्रमाण, आणि एकच वस्तू वरून, समोरून व बाजूने मनात उभी करणारी नजर. ती त्यांच्यापाशी भरपूर होती. लहानपणची चित्रांची आवड आणि यंत्रांची आवड या दोन वाटा येथे एक झाल्या. त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास पुरा केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. शिकवता शिकवता यंत्रे हाताळण्याची विद्याही त्यांनी आत्मसात केली.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. १८८८ साली रामुअण्णांसह बेळगावात सायकलींचे छोटेसे दुकान निघाले. भाऊ मुंबईहून सायकली पाठवी आणि रामुअण्णा त्या विकत, शिवाय गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवीत. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व बेळगाव गाठले.

तेथे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. आपल्या ज्वारीच्या मुलखात या यंत्राची थोरवी सांगायला नको. अख्ख्या पेंढ्या टाकल्या की जनावरे निम्मा कडबा तुडवून वाया घालवतात. मग आला लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. एवढ्यात नव्या वसाहतीसाठी बेळगावची जागा नगरपालिकेने रिकामी करायला सांगितली.

मदतीला धावले औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चांगले चित्रकार होते. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे काही नव्हते. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतण्यात आले.

वाडीचा हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. मला अधिक मोलाची वाटतात ती तेथे जमलेली माणसे. शंभोराव जांभेकर विद्यार्थी म्हणून यथातथाच, ते वाडीत इंजिनियर झाले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली. त्यांच्या डोक्यातून नवनव्या यांत्रिक कल्पना निघू लागल्या. के. के. कुलकर्णी नाना उद्योग करून कोठेच न टिकलेले, ते वाडीत पडेल ते काम निभावणारे आधारस्तंभ ठरले. रात्रीच्या पहाऱ्याला तर पूर्वी दरोडेखोरीत असलेली माणसे होती, आणि तीच सर्वांत भरवशाची निघाली. माळरानावरच्या कारखान्याला पदवीधर कोठून मिळणार, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण टाकाऊ ठरलेल्या माणसाजवळ काय उरले आहे हे पाहण्याची सवय लक्ष्मणरावांनी स्वतःवरच लावून घेतली होती, हेही तितकेच खरे.

हे वाचताना मला माझे वडील आठवतात. ते यंत्रमागावर चादरी विणतात. शेडमध्ये शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, पण आपल्या मागाच्या आवाजात किंचित फरक पडला की त्यांना पाठमोरे असतानाही कळते. या गुणाला कोणत्याही गुणपत्रिकेत रकाना नाही. बी. ए. होऊन पुढे काय करणार, असे मला गल्लीत सगळे विचारतात. माझ्या वडिलांना काय चांगले येते, हे मात्र आजवर कोणी विचारलेले नाही. मीसुद्धा हे चरित्र वाचल्यावरच विचारले. ते नुसते हसले.

आपल्या सोलापूरशीही या घराण्याचा ऋणानुबंध आहे. लक्ष्मणरावांचे बंधू वासुदेवराव येथे डॉक्टर होते. किर्लोस्करांचा व्याप पुढे देशोदेशी नेणारे चिरंजीव शंतनुराव १९०३ साली सोलापुरातच जन्मले. वासुदेवरावांचे चिरंजीव शंकरराव यांचा जन्मही येथलाच. हे शंकरराव चित्रकार झाले, व्यंगचित्रे काढू लागले, आणि १९२० साली त्यांनी काकांच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. काकांना न साधलेले रंग पुतण्याच्या हाती होते, आणि त्यांनाही काम मिळाले ते त्याच वाडीत.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. रामुअण्णांनी वाडीच्या वसाहतीची व्यवस्था पाहिली; रस्ते, पाणी, घरे हे सारे त्यांच्याकडे होते.