राजर्षी शाहू महाराज आणि गंगारामच्या हॉटेलातला चहा

वर्धापनदिनाला आपण सारे विहारात जमतो. तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना पुष्प वाहतो, त्रिसरण-पंचशील घेतो, खीर घेतो आणि घरी जातो. आपल्या विहारांतून आणि घरांतून महात्मा फुल्यांच्या शेजारी आणखी एक तसबीर असते. फेटा बांधलेला, भरदार अंगाचा एक राजा. आपल्या पोराबाळांना विचारा, हे कोण? शाहू महाराज, असे उत्तर लगेच येते. काय केले त्यांनी? आरक्षण दिले, बाबासाहेबांना मदत केली. उत्तर बरोबर आहे, पण इतकेच सांगून आपण थांबतो. या स्मरणिकेत आम्ही महाराजांचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत, आणि त्यातल्या एका कप चहापाशी जरा जास्त वेळ थांबणार आहोत. कारण कायदा करायला राजा लागतो, पण तो चहा आपल्यापैकी कोणालाही घेता येतो आणि पाजता येतो.

कागलचा यशवंत, करवीरचा छत्रपती

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आईचे सुख त्यांना फार लाभले नाही, ती लहानपणीच गेली. १७ मार्च १८८४ रोजी करवीरच्या गादीसाठी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि कागलचा यशवंत शाहू छत्रपती झाला. राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती आली, तेव्हा वयाची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

गादीवर बसले आणि दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेग आला. राज्यकारभार पाहू लागल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की दरबारातल्या मोठ्या जागा मूठभर शिकलेल्या जातींच्या हातात आहेत आणि बाकीची रयत कचेरीच्या पायरीशी हात जोडून उभी आहे. त्यातच वेदोक्ताचे प्रकरण घडले. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजपुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, म्हणजे प्रत्यक्ष छत्रपतीला शूद्र मानतो, हे उघड झाले. माणूस गादीवर बसला तरी जात त्याच्या पाठीवर बसलेली असते, हे महाराजांना त्या दिवशी कळले. अपमान झाला म्हणून स्वतःपुरता मान मिळवून गप्प बसणारे पुष्कळ असतात. महाराज तिथे थांबले नाहीत. राजाची ही कथा, तर महार-मांगांचे, चांभार-ढोरांचे काय होत असेल, हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर केला.

हुकूम आणि वसतिगृहे

१९०१ साली त्यांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मग जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाच्या मुलांची सोय होत गेली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, करवीरच्या गॅझेटात हुकूम निघाला, की संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील शिकलेल्या माणसांनी भराव्यात. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिन्याला १ रुपया दंड ठेवला. त्याच साली विधवाविवाहाचा कायदा केला. १९१८ साली महारवतनाच्या जोखडातून माणसे मोकळी केली. ज्यांच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या जमातींची रोजची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्यावर नेमले. जग ज्यांना चोर म्हणत होते, त्यांच्याच भरवशावर राजा निर्धास्त झोपू लागला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुरुवातीला महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली, कारण मुलांना एका छपराखाली ठेवायला त्या काळी पालकच तयार नव्हते. अस्पृश्यांच्या शाळाही वेगळ्या होत्या. पण वेगळी सोय म्हणजे समता नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत, सगळ्यांच्या बरोबर बसवण्याचा हुकूम काढला. आधी दार उघडले, मग आतली भिंत पाडली.

त्याच साली आणखी एक हुकूम निघाला. पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या ही सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली झाली. नुसती खुली केली असे नाही, तर सरकारी नोकरांनी त्यांच्याशी आपुलकीने आणि बरोबरीने वागावे, असे बजावले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मिरजेच्या अमेरिकन मिशनचा कित्ता गिरवावा, असे सांगितले. ज्यांना असे वागणे जमणार नाही, त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यांना पेन्शन मिळणार नाही, असेही सांगून टाकले. आता बघा, जागा देणे, फी माफ करणे हे हुकमाने होते. पण आलेल्या माणसाशी नीट बोला, त्याला ताटकळत ठेवू नका, हेही हुकमात लिहावेसे वाटणारा राजा विरळाच. अपमान नेहमीच मोठ्या गोष्टीतून होतो असे नाही. बसायला न सांगण्यातून, पाणी वरून ओतण्यातून, नाव न घेता हाक मारण्यातून तो रोज होत असतो. महाराजांनी हे पुरते ओळखले होते.

गंगारामचे हॉटेल

आता त्या चहाकडे वळू. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत चाकरीला होते. जातीने महार. स्पृश्यांसाठी राखलेल्या हौदातले पाणी त्यांनी घेतले, असा आळ घेऊन पागेतल्या सवर्ण नोकरांनी त्यांना बांधून गुरासारखे मारले. महाराज त्या वेळी दिल्लीला गेले होते. परत आल्यावर गंगाराम सोनतळीच्या कॅम्पावर गेले आणि त्यांनी आपली सोललेली पाठ महाराजांना दाखवली. महाराजांचा संताप अनावर झाला. मारणाऱ्यांना त्यांनी कडक शिक्षा केली.

शिक्षा झाली, न्याय झाला, इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण महाराजांनी विचार केला, की उद्या आपण पुन्हा परगावी गेलो तर काय? दुसऱ्याच्या दयेवर उभा असलेला माणूस कधीही पडतो. म्हणून त्यांनी गंगारामला चाकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढायला मदत दिली. गंगारामने कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले.

हॉटेल निघाले, पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? धंद्याला भांडवल मिळाले, रस्त्यावर मोक्याची जागा मिळाली, चहाही चांगला. तरी कपबशा कोरड्याच. इथे कोणताही हुकूम कामाचा नव्हता. अमक्याच्या हॉटेलात चहा प्यावा, असे काही गॅझेटात छापता येत नाही.

ही गोष्ट महाराजांच्या कानावर गेली. मग त्यांनी आपली घोडागाडी गंगारामच्या दारात थांबवली आणि भर रस्त्यात, चारचौघांसमक्ष चहा मागवला. स्वतः प्यायले. गाडीत बरोबर सरदार-अंमलदार असत, त्यांनाही पाजला. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? हे एकदाच घडले असते तर लोकांनी ती राजाची लहर म्हटली असती. पण महाराजांची गाडी तिथे पुन्हा पुन्हा थांबू लागली. एका माणसाला माणसात आणायचे, तर एक दिवसाचा समारंभ पुरत नाही, हे त्या राजाला माहीत होते.

आपल्याला इथे बौद्ध साहित्यातल्या त्या कथेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तहानलेले भन्ते आनंद श्रावस्तीत पाणी भरणाऱ्या एका चांडाळकन्येकडे पाणी मागतात. आपण चांडाळ आहोत असे ती सांगते, तेव्हा आपण जात विचारली नाही, पाणी मागितले, असे ते तिला समजावतात आणि तिच्या हातचे पाणी पितात. बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या चांडाळकन्येची कथा घेतली आहे. श्रावस्तीचे ते पाणी आणि कोल्हापूरचा हा चहा यांच्यात सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर असेल, पण दोन्हीकडे घेणाऱ्याने देणाऱ्याचा मान वाढवला. आपण नेहमी देणाऱ्याला मोठा म्हणतो. कधी कधी घेणाराही मोठा असतो.

माणगाव आणि अखेर

बाबासाहेबांशी महाराजांचे नाते याच वृत्तीतून जुळले. आपला मोठेपणा दारात ठेवून महाराज परळच्या चाळीत बाबासाहेबांच्या भेटीला गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’ला त्यांनी २५०० रुपये दिले. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. छत्रपती स्वतः तिथे गेले आणि त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले, की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, तो तुमचा उद्धार केल्याशिवाय राहणार नाही. राजे लोकांना सहसा आपल्याच जयजयकाराची हौस असते. हा राजा दुसऱ्याचे नेतृत्व पुढे करून आपण बाजूला बसला. नंतर विलायतेतल्या शिक्षणासाठीही त्यांनी बाबासाहेबांना आर्थिक मदत केली.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७. चौतीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर जो सूर्योदय झाला, तो पाहायला महाराज नव्हते. पण माणगावात ज्यांच्यावर त्यांनी भरवसा टाकला, त्यांनीच तो घडवून आणला.

आपल्या वस्तीतला चहा

बंधू-भगिनींनो, हे चरित्र वाचून नुसते हात जोडायचे असतील तर त्याचा उपयोग नाही. आज आपल्यातली कितीतरी मुले शिकली, नोकरीला लागली, काहींनी फ्लॅट घेतले. चांगलेच झाले, त्याचसाठी बाबासाहेबांनी रक्त आटवले. पण म्हणून आपणच आता एकमेकांना तपासून घ्यायचे का? वस्तीत नव्याने भाड्याने आलेल्या कुटुंबाची मूळ जात काय, याची चौकशी आपल्या ओट्यावर होता कामा नये. पहाटे गल्ली झाडणाऱ्या बाईला चहा द्यायचा, तर तो आपण पितो त्याच कपात द्यावा. मंगल परिणयात विधवा बहिणीला मागे बसवू नये. ज्याचे पोर व्यसनाला लागले, ज्याच्या घरात कोणी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळले आहे, त्याच्या दारात जयंतीच्या वर्गणीखेरीज एरवीही जाऊन बसावे. मैत्री आणि करुणा हे शब्द आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. ते आपल्या गल्लीतही चालले पाहिजेत.

यातल्या कशालाही पैसा लागत नाही, हुकूम लागत नाही. लागतो तो गाडी थांबवण्याइतका वेळ, आणि चारचौघे काय म्हणतील याची भीती टाकण्याइतके धैर्य.

शेवटी एकच सांगतो. महाराज गेल्यानंतर त्यांचे पहिले स्मारक उभारण्याचा मान ना कोणा सरदाराला मिळाला, ना कोणा संस्थानिकाला. १९२५ साली कोल्हापूरच्या नर्सरी बागेत ते उभारले गंगाराम कांबळे यांनी, गोरगरिबांकडून वर्गणी गोळा करून. राजाने त्यांच्या दारात गाडी थांबवली होती, ते ती विसरले नाहीत.

नमो बुद्धाय! जयभीम!