विश्लेषण : पाहुणे आले की स्वयंपाकघरात अडकायचे नाही! ‘द जॉय ऑफ कुकिंग’ लिहिणाऱ्या इर्मा रोमबावर कोण होत्या?

रविवारी संध्याकाळी चार पाहुणे यायचे असतात. मोबाइल ओट्यावर टेकवून पाककृती उघडलेली असते. सामग्रीची यादी वर आणि कृती बरीच खाली. मैदा किती घ्यायचा हे पाहायला वर जायचे, पुढे काय करायचे हे पाहायला पुन्हा खाली यायचे. तोवर हात पिठाने माखलेले असतात आणि स्क्रीन बंद झालेली असते.

मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी, १९३६ मध्ये, अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या एका गृहिणीने ही अडचण छापील पानावर सोडवली होती. त्यांचे नाव इर्मा रोमबावर. ‘द जॉय ऑफ कुकिंग’ हे त्यांचे पुस्तक आज नव्वदहून अधिक वर्षांनंतरही विकले जाते. विशेष म्हणजे, उत्तम स्वयंपाकी म्हणून त्यांची कधीच ख्याती नव्हती. त्यांची ख्याती होती ती उत्तम यजमानीण म्हणून.

कोण होत्या इर्मा रोमबावर?

इर्मा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८७७ रोजी सेंट लुईसमध्ये झाला. मिसुरी राज्यातील या शहरात तेव्हा जर्मनीतून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती होती. इर्मा यांचे वडील डॉ. मॅक्स फॉन श्टार्कलॉफ हेही जर्मन स्थलांतरितांपैकीच एक. पुढे अमेरिकी सरकारने त्यांना जर्मनीतील ब्रेमेन येथे वाणिज्यदूत म्हणून नेमले. त्यामुळे इर्मा यांची किशोरवयातील काही वर्षे युरोपात गेली.

१८९९ मध्ये त्यांचे लग्न एडगर रोमबावर या तरुण वकिलाशी झाले. लग्नाच्या वेळी इर्मा यांना स्वयंपाक जवळजवळ येत नव्हता. एडगर यांना मात्र रानात तंबू ठोकून राहण्याची आणि तिथे स्वतः रांधण्याची आवड होती. घरच्या चुलीपाशी सुरुवातीचे धडे त्यांनीच पत्नीला दिले, असे कुटुंबात सांगितले जाते.

त्यांचे पहिले मूल, रोलंड, वर्षभराचे होण्याआधीच दगावले. त्यानंतर १९०३ मध्ये मुलगी मॅरियन आणि १९०७ मध्ये मुलगा एडगर झाला. पती शहराच्या राजकारणात होते, तर इर्मा महिला मंडळांच्या कामात. त्यामुळे घरी माणसांचा राबता असे. बोलण्यात हजरजबाबी, माणसे जमवण्यात तरबेज आणि सजवलेल्या केकसाठी प्रसिद्ध, अशी इर्मा यांची ओळख होती. युनिटेरियन चर्चच्या महिला मंडळासाठी त्यांनी पाककृतींचा एक वर्गही घेतला होता. त्या वर्गासाठी जमवलेल्या पाककृती पुढे पुस्तकाच्या कामी आल्या.

पुस्तक काढण्याची वेळ का आली?

एडगर यांना अनेक वर्षे नैराश्याचे झटके येत असत. फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांनी आत्महत्या केली. इर्मा तेव्हा ५२ वर्षांच्या होत्या. मुले मोठी झाली होती, पण हाती नोकरीचा अनुभव नव्हता आणि कमाईचे साधनही नव्हते. काही महिन्यांपूर्वीच शेअर बाजार कोसळला होता आणि देश महामंदीत शिरत होता. त्यांच्याकडे शिल्लक होती सुमारे ६ हजार डॉलरची.

अशा वेळी पाककृतींचे पुस्तक काढण्याचा त्यांचा विचार ऐकून जवळची माणसे चकित झाली. शहरात त्यांच्याहून चांगला स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी बायका होत्या. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात इर्मा मिशिगनला गेल्या आणि तिथे पाककृती जमवण्याचे, लिहून काढण्याचे काम सुरू झाले. मैत्रिणींकडून, नातेवाइकांकडून त्यांनी पदार्थ मागवले. पतीच्या कार्यालयातील माजी सचिव टंकलेखनाला आणि पदार्थ करून पाहायला मदतीला आल्या. मॅरियनही चाचण्यांत सहभागी झाल्या.

पहिले पुस्तक कसे निघाले?

१९३१ मध्ये इर्मा यांनी शिलकीतील निम्मी रक्कम, म्हणजे सुमारे ३ हजार डॉलर, छपाईवर लावली. काम दिले ए. सी. क्लेटन प्रिंटिंग कंपनी या स्थानिक छापखान्याला. हा छापखाना बुटांच्या कंपन्यांसाठी आणि ‘लिस्टरिन’ या माउथवॉशसाठी लेबले छापत असे. पुस्तक छापण्याचा त्याला अनुभव नव्हता.

३ हजार प्रती निघाल्या. मुखपृष्ठ मॅरियन यांनी केले. ख्रिस्ती परंपरेत घरकाम करणाऱ्यांची संत मानल्या जाणाऱ्या मार्था या एका अक्राळविक्राळ ड्रॅगनला मारत आहेत, असे ते चित्र होते. संत मार्था यांच्या हातात झाडूसारखे साधन होते आणि ड्रॅगन म्हणजे रोजच्या स्वयंपाकाचा धसका. इर्मा यांनी पुस्तके घरी ठेवली आणि ३ डॉलरला एक याप्रमाणे स्वतःच विकायला सुरुवात केली. मंदीच्या दिवसांत ही किंमत कमी नव्हती. तरीही दोनेक वर्षांत सुमारे २ हजार प्रती गेल्या.

या पुस्तकात वेगळे काय होते?

अमेरिकेत तोवर स्वयंपाकाच्या पुस्तकांवर शिक्षिकांचा पगडा होता. फॅनी फार्मर यांचे १८९६ चे ‘द बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ हे त्यातले सर्वांत गाजलेले. कप आणि चमचा सपाट भरून मोजण्याची शिस्त या पुस्तकाने घराघरांत नेली. त्याचा उपयोग मोठा होता, पण सूर वर्गातला होता.

इर्मा यांनी वर्ग घेतला नाही, गप्पा मारल्या. पुस्तकाच्या उपशीर्षकातच खात्रीच्या पाककृतींबरोबर स्वयंपाकावरच्या सहज गप्पा मिळतील, असे सांगितले होते. पदार्थ सांगता सांगता त्या एखादा किस्सा सांगत, स्वतःची फजिती सांगत, टोमणाही मारत. देशात तेव्हा दारूबंदी लागू होती, तरी कॉकटेलचा विषय त्यांनी टाळला नाही.

या सुरामागे बदललेली परिस्थितीही होती. मध्यमवर्गीय अमेरिकी घरांतून पगारी स्वयंपाकीण हळूहळू दिसेनाशी होत होती. पूर्वी पाहुणे आले की यजमानीण दिवाणखान्यात आणि कामाची बाई चुलीपाशी, अशी वाटणी असे. आता दोन्ही ठिकाणी एकाच बाईला हजर राहायचे होते. अशा बाईला दहा पदार्थांचे शाही जेवण नको होते. आधी करून ठेवता येईल, ऐनवेळी बिघडणार नाही आणि पाहुण्यांसोबत बसता येईल, असे काहीतरी हवे होते.

इर्मा यांची स्वतःची गरजही तीच होती. त्यांना बाहेर जायला, लोकांत मिसळायला आवडे. त्यामुळे डब्यातले सूप सॉससाठी वापरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. उरलेल्या अन्नाचे काय करावे, हेही त्यांनी तितक्याच आपुलकीने सांगितले. काटेकोर खवय्यांनी नाक मुरडले, पण नोकरचाकर नसलेल्या घरांना या सवलतींचा आधार वाटला.

पाककृती लिहिण्याची नवी पद्धत कोणती?

इर्मा यांना आता मोठा प्रकाशक हवा होता. अनेक प्रयत्नांनंतर इंडियानापोलिसच्या बॉब्स-मेरिल कंपनीने पुस्तक स्वीकारले आणि वाढवलेली आवृत्ती १९३६ मध्ये आली. याच आवृत्तीत इर्मा यांनी पाककृतीची मांडणी बदलली.

रूढ पद्धतीत आधी सामग्रीची पूर्ण यादी आणि मग कृती असते. इर्मा यांनी यादी काढून टाकली आणि प्रत्येक जिन्नस जिथे लागतो तिथेच, प्रमाणासह, ठळक आणि वेगळ्या ओळीत दिला. व्हाइट सॉसचे उदाहरण घेऊ. मंद आचेवर वितळवा, आणि खालच्या ओळीत : २ टेबलस्पून लोणी. त्यात घालून परता, आणि खाली : २ टेबलस्पून मैदा. हळूहळू ओतत ढवळत राहा, आणि खाली : १ कप दूध. वाचणाऱ्याची नजर वर-खाली धावत नाही. हात जे करत असतात, तेच डोळ्यांसमोर असते.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे. बाजारात जाण्यापूर्वी काय काय आणायचे, हे कळण्यासाठी पूर्ण पाककृती वाचावी लागते. बहुतेक पुस्तकांनी आणि पुढे संकेतस्थळांनी यादीची जुनी पद्धतच चालू ठेवली. ‘जॉय’ने मात्र आपली पद्धत सोडली नाही.

करारात चूक कुठे झाली?

बॉब्स-मेरिलशी वाटाघाटी करताना इर्मा यांनी साहित्यिक एजंट नेमला नव्हता. त्या स्वतः बोलल्या आणि त्यांनी स्वतः सही केली. या करारानुसार नव्या आवृत्तीचा स्वामित्वहक्क तर प्रकाशकाकडे गेलाच, पण १९३१ मध्ये स्वतःच्या पैशांनी छापलेल्या पुस्तकाचा हक्कही त्यांनी देऊन टाकला.

याचा परिणाम काय झाला? मानधन मिळत राहिले, पण पुस्तक घेऊन दुसऱ्या प्रकाशकाकडे जाण्याचा मार्ग बंद झाला. पैसे, दुरुस्त्या, नव्या आवृत्तीची वेळ अशा प्रत्येक मुद्द्यावर लेखिका आणि प्रकाशक यांच्यात खटके उडत राहिले आणि प्रत्येक वेळी इर्मा यांची बाजू कमकुवत राहिली. घरी आलेल्या कोणालाही सहज आपलेसे करणाऱ्या इर्मा यांना कराराच्या टेबलावर ते जमले नाही.

युद्धकाळात खप का वाढला?

१९३९ मध्ये त्यांनी ‘स्ट्रीमलाइन्ड कुकिंग’ हे दुसरे पुस्तक काढले. डबाबंद आणि गोठवलेले पदार्थ वापरून अर्ध्या तासाच्या आत जेवण, अशी त्याची कल्पना होती. ते चालले नाही. पण त्यातला उपयोगी भाग १९४३ च्या ‘जॉय’च्या आवृत्तीत घेतला गेला आणि तिथे त्याला योग्य वेळ सापडली.

दुसरे महायुद्ध सुरू होते. अमेरिकेत साखर, मांस, लोणी यांचे रेशनिंग होते आणि अनेक स्त्रिया कामावर जात होत्या. कमी वेळात, मिळेल त्या सामग्रीत पोटभर जेवण कसे करावे, याचे उत्तर एका जाडजूड पुस्तकात मिळत होते. १९४३ ते १९४६ या काळात त्याच्या ६ लाखांहून अधिक प्रती खपल्या. पासष्टी ओलांडलेल्या इर्मा देशभर ओळखल्या जाऊ लागल्या. १९४६ मध्ये त्यांनी मुलामुलींसाठीही पाककृतींचे पुस्तक लिहिले.

मुलीकडे पुस्तक कसे गेले?

१९५१ च्या आवृत्तीवर मॅरियन यांचे नाव सहलेखिका म्हणून आले. मॅरियन यांचा स्वभाव आईपेक्षा वेगळा होता. त्यांना ताज्या भाज्या, अख्खी धान्ये, पोषण यांत रस होता आणि पदार्थ असा का होतो, हे समजावून सांगायला आवडे. आईच्या गप्पा आणि लेकीची माहिती अशी पुस्तकाची नवी घडण झाली.

१९५५ मध्ये इर्मा यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या काही वर्षांत त्यांची तब्येत खालावत गेली आणि पुस्तकाची जबाबदारी मॅरियन यांच्यावर आली. १९६२ मध्ये कराराची जुनी चूक पुन्हा समोर आली. मॅरियन यांची अंतिम संमती नसतानाच प्रकाशकाने नवी आवृत्ती बाजारात आणली आणि तीत चुका होत्या. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला इर्मा यांचे सेंट लुईसमध्ये निधन झाले. त्या ८४ वर्षांच्या होत्या. मॅरियन यांनी पाठपुरावा करून १९६३ मध्ये दुरुस्त आवृत्ती काढायला लावली. १९७५ ची आवृत्ती पूर्ण करून १९७६ मध्ये त्यांचेही निधन झाले.

आज या पुस्तकाचे स्थान काय?

फ्रेंच स्वयंपाक अमेरिकेत लोकप्रिय करणाऱ्या जूलिया चाइल्ड यांनी सुरुवातीच्या काळात ज्या पुस्तकांवरून धडे गिरवले, त्यात ‘जॉय’ होते. पुस्तकाच्या आतापर्यंत सुमारे २ कोटी प्रती खपल्याचे सांगितले जाते. २०१९ ची आवृत्ती इर्मा यांचे पणतू जॉन बेकर आणि त्यांच्या पत्नी मेगन स्कॉट यांनी तयार केली. तिच्यात जगभरातले पदार्थ आले आणि मूळ पुस्तकातले अनेक गळले. जिन्नस जिथल्या तिथे देण्याची १९३६ ची पद्धत मात्र कायम आहे. पाहुणे बाहेर बसलेले असताना पानावर शोधाशोध करावी लागू नये, ही इर्मा यांची सोय आजही तशीच चालू आहे.