तबकडीत न मावलेले बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस अर्थात बालगंधर्व यांचा जन्म २६ जून १८८८चा. बालपणी जळगावी नातलगांकडे राहत असताना त्यांनी मेहबूबखाँ यांच्याकडे गायनाचे धडे गिरवले. १९०५मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढचे वैभव आणि कर्ज, दोन्ही सर्वश्रुत आहेत.

नव्या पिढीला मात्र ते भेटतात ध्वनिमुद्रिकांतूनच. रंगमंचावर वन्समोअर घेत फुलणारे पद ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम साडेतीन मिनिटांत आवरावे लागे. १९२५पासून विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागले. त्यापूर्वी कर्ण्यासमोर गायलेल्या पदांत तबल्याचा खर्ज उमटत नसे आणि आवाजाची झळाळीही निसटे. शिवाय जुन्या तबकड्यांचा वेग नेमका ७८च असे, असे नाही. वेग किंचित वाढला, की पट्टी चढते, आवाज पातळ होतो. अशा आवाजावरून गंधर्वांच्या गायकीचा निवाडा करणे अन्यायाचेच! महागडे स्पीकर घेणाऱ्या रसिकांनी आधी हा वेग जुळवून पाहावा. खरखर पुसण्याचा सोसही आवरावा. तिच्याबरोबर मिंडेतील बारकावेही पुसले जातात.

१५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे.